जुन्या टीव्ही गेमचा बाजार : किलोचा भाव की नगाचा भाव?

भंगाराच्या धंद्यात प्लॅस्टिकचा भाव वेगळा, तांब्याचा वेगळा आणि सर्किट बोर्डाचा वेगळा. वस्तू कोणी बनवली, कोणत्या साली बनवली, तिचा खोका सोबत आहे की नाही, याच्याशी तराजूला काही देणेघेणे नसते. आपल्या जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, नगर, श्रीरामपूर, संगमनेर, कोपरगाव, जामखेड या गावांमधून आपले कितीतरी बांधव या धंद्यात आहेत. त्यांच्या शेजारीच रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे कारागीर बसतात. जाड काचेचे टीव्ही गेले, भिंतीवरचे पातळ टीव्ही आले आणि या कारागिरांच्या हातचे निम्म्याहून अधिक काम गेले. पातळ टीव्हीचा पडदा गेला की दुरुस्तीपेक्षा नवा घेणेच गिऱ्हाइकाला परवडते.

या दोघांच्याही उपयोगाचा एक लहान बाजार गेल्या काही वर्षांत जगभर वाढला आहे. तो म्हणजे जुन्या व्हिडिओ गेमचा बाजार. ज्याला आपल्याकडे मुले ‘टीव्ही गेम’ म्हणत आणि ज्याच्या कार्ट्रिजला सरसकट ‘कॅसेट’ म्हटले जाई, ती यंत्रे आज शौकीन लोक शोधून शोधून घेतात. या बाजारात माल किलोने जात नाही, नगाने जातो. म्हणून हा बाजार कसा चालतो, त्यात भाव कशाला आहे, फसगत कुठे होते आणि कारागिराची खरी कमाई कशात आहे, हे समजून घेणे फायद्याचे ठरेल.

भाव कुठवर गेले?

आधी मोठे आकडे पाहू, कारण वर्तमानपत्रांत तेच छापून येतात. जपानच्या निंटेंडो कंपनीचे ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हे कार्ट्रिज १९८५ साली निघाले. त्याचा एक न उघडलेला, सीलबंद नग फेब्रुवारी २०१९ मध्ये अमेरिकेत १ लाख १५० डॉलरला विकला गेला. त्या वेळच्या दराने ही रक्कम सत्तर लाख रुपयांच्या आसपास होते. जुलै २०२० मध्ये याच गेमचा दुसरा नग लिलावात १ लाख १४ हजार डॉलरला गेला. एप्रिल २०२१ मध्ये आणखी एक नग ६ लाख ६० हजार डॉलरला गेला. जुलै २०२१ मध्ये ‘लेजंड ऑफ झेल्डा’ ८ लाख ७० हजार डॉलरला आणि दोनच दिवसांनी ‘सुपर मारिओ ६४’ १५ लाख ६० हजार डॉलरला विकला गेला. ऑगस्ट २०२१ मध्ये सुपर मारिओ ब्रदर्सच्या एका नगाला २० लाख डॉलर, म्हणजे सुमारे पंधरा कोटी रुपये मिळाले.

अडीच वर्षांत सत्तर लाखांवरून पंधरा कोटी! मात्र हे शिखरावरचे भाव आहेत. त्याच काळात साध्या, वापरलेल्या मालाचेही भाव चढले, पण ते पटीत मोजण्याइतके चढले, शेकडो पटींत नव्हे. २०२० च्या टाळेबंदीत लोक घरी बसले, लहानपणीचे खेळ आठवले, हातात वेळ होता आणि मागणी एकदम वाढली. आपल्या कामाचा बाजार हा खालचा, वापरलेल्या मालाचा आहे.

जुने म्हणून भाव नसतो

पुष्कळांची समजूत असते की वस्तू जितकी जुनी तितकी महाग. हे खरे नाही. वर सांगितलेला ‘सुपर मारिओ ६४’ हा गेम १९९६ चा. त्याच्या एक कोटीहून अधिक प्रती जगात खपल्या. इतका मुबलक माल असताना एका नगाला कोट्यवधी रुपये का मिळाले? कारण तो नग सीलबंद होता, त्याच्या खोक्याला ओरखडा नव्हता आणि दर्जा ठरवणाऱ्या कंपनीने त्याला जवळजवळ पूर्ण गुण दिले होते. तेच कार्ट्रिज खोक्याविना, वापरलेले असेल तर परदेशात ते काही हजार रुपयांत मिळते.

यावरून या बाजाराचे चार नियम निघतात.

पहिला, माल अस्सल हवा. मूळ कंपनीने बनवलेला किंवा तिच्या परवान्याने बनलेला.

दुसरा, माल पूर्ण हवा. यंत्र, खोका, माहितीपुस्तिका, वायर, रिमोट आणि आतला थर्माकोलसुद्धा. रिकाम्या खोक्यालाही गिऱ्हाईक असते, कारण ज्याच्याकडे यंत्र आहे त्याला खोका हवा असतो.

तिसरा, माल चालू हवा, किंवा निदान चालू होण्याजोगा.

चौथा, आणि सर्वांत महत्त्वाचा, त्या वस्तूची आठवण असलेला माणूस आज कमावता हवा. १९९० च्या दशकात दहा वर्षांचा असलेला मुलगा आज चाळिशीत आहे. पुण्या-मुंबईत, दुबईत किंवा अमेरिकेत नोकरी करतो. लहानपणी जे हट्ट करूनही मिळाले नाही ते तो आज स्वतःच्या पैशाने घेतो. मुंबईच्या चोर बाजारात मटन स्ट्रीटवर जुन्या तबकड्या आणि सिनेमाची पोस्टर्स विकणाऱ्यांना हा नियम फार पूर्वीच कळला होता. एका पिढीची रद्दी पुढे त्याच पिढीचा शौक होते.

याला आणखी एक कारण आहे. जुने गेम नव्याने विकत मिळत नाहीत. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने जुलै २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, तिथे पूर्वी निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज दुकानात उपलब्ध नाहीत. निंटेंडोने आपल्या दोन जुन्या यंत्रांचे ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये बंद केले. दुकान बंद झाले की खरेदीचा रस्ता उरतो तो जुन्या कार्ट्रिजचा आणि जुन्या डिस्कचा.

फुगवलेला भाव

आता दुसरी बाजू. २०२१ च्या उच्चांकानंतर सीलबंद मालाचा बाजार घसरला. दर्जा ठरवणाऱ्या ‘वाटा गेम्स’ या कंपनीवर मे २०२२ मध्ये अमेरिकेत काही ग्राहकांनी दावा दाखल केला. संगनमताने बाजार चढवला गेला, असा त्यांचा आरोप होता. आरोप म्हणजे सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. पण व्यापाऱ्याने त्यातून घ्यायचा बोध स्पष्ट आहे. ज्या बाजारात दर्जा सांगणारा, लिलाव करणारा आणि माल साठवणारा यांचे हितसंबंध एकमेकांत गुंतलेले असू शकतात, त्या बाजारातला भाव हा मागणीचाच भाव असेल याची खात्री देता येत नाही.

माल घ्यायचा नाही, पण दुसऱ्याला चढवायला बोली लावायची, याला आपल्या फिकहमध्ये ‘नजश’ म्हणतात आणि ते मना आहे. लिलाव नगरच्या बाजार समितीतला असो की अमेरिकेतला, या कृत्याचे रूप एकच. त्यामुळे ‘आज घेऊन ठेवा, पाच वर्षांत दसपट होईल’ असे सांगणाऱ्यापासून दूर राहावे. कर्ज काढून किंवा दुकानातले खेळते भांडवल अडकवून जुने गेम साठवणे हा व्यापार नव्हे. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागण्यासारखे आहे ते.

आपल्याकडे कोणता माल निघेल?

भारतात या यंत्रांचा इतिहास वेगळा आहे आणि तो माहीत नसेल तर खरेदीत चूक होते. १९८६ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने इंग्लंडच्या सिंक्लेअर कंपनीच्या परवान्याने ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ हा घरगुती संगणक भारतात आणला. त्याचे गेम साध्या टेपच्या कॅसेटवर येत. १९९५ मध्ये शॉ वॉलेस कंपनीने जपानच्या सेगा कंपनीची यंत्रे इथे विकायला घेतली. ती महाग होती, त्यामुळे तालुक्याच्या गावी क्वचितच पोहोचली. असा माल पूर्ण स्थितीत मिळाला तर तो जपून ठेवावा.

गावोगाव पोहोचला तो मात्र वेगळाच माल. निंटेंडोचे ‘फॅमिकॉम’ हे यंत्र १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये निघाले. त्याच्या स्वस्त नकला पूर्वेकडील देशांतून जगभर गेल्या. आपल्याकडे लिटल मास्टर, मीडिया, टर्मिनेटर अशा नावांचे टीव्ही गेम घरोघरी दिसत. ‘९९९९९९९ इन १’ लिहिलेली कॅसेट, त्यात मारिओ, कॉन्ट्रा, डक हंट, रोड फायटर, सर्कस चार्ली. व्हिडिओ गेम पार्लरमध्ये तासावर पैसे घेऊन तेच गेम खेळवले जात.

या नकली यंत्रांना परदेशी संग्राहक फारसा भाव देत नाही. पण भारतीय गिऱ्हाईक देतो, कारण त्याची आठवण मूळ फॅमिकॉमची नाही, लिटल मास्टरचीच आहे. म्हणून असा माल देशातच विकावा आणि जे आहे तेच सांगून विकावा. भाव माफक मिळेल, पण गिऱ्हाईक जवळचे आहे.

तिसरा प्रकार प्लेस्टेशन २ चा. सोनी कंपनीचे हे यंत्र ४ मार्च २००० रोजी निघाले आणि त्याचे उत्पादन जानेवारी २०१३ पर्यंत थांबले. जगात १५ कोटींहून अधिक यंत्रे खपली, म्हणजे यंत्र दुर्मिळ नाही. पण यात एक खास भारतीय गोष्ट आहे. काही गेम भारतातच बनले आणि भारतीय बाजारासाठीच निघाले. हैदराबादच्या अरोना टेक्नॉलॉजीजचा ‘हनुमान : बॉय वॉरियर’ २००९ मध्ये आला. त्याच सुमारास ‘देसी अड्डा’ आला. मुंबईच्या ट्राइन गेम्सचा ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ २०१० चा, आणि २०११ मध्ये ‘रा.वन’ चित्रपटावरचा गेम आला. जगातले सगळे प्लेस्टेशन २ गेम जमवू पाहणाऱ्याला या डिस्क भारताखेरीज कुठे मिळणार? अशी मूळ डिस्क, कव्हर आणि पुस्तिकेसह, रद्दीत दिसली तर किलोच्या ढिगात टाकू नये.

चौथा आणि सर्वांत दुर्लक्षित साठा म्हणजे आपल्याच दुकानांचे माळे. तालुक्याच्या गावी इलेक्ट्रॉनिक्सची, घड्याळांची, खेळण्यांची जुनी दुकाने आहेत. तिथे न विकला गेलेला माल वीस-पंचवीस वर्षे वर पडून असतो. व्यापारी त्याला डेड स्टॉक म्हणतो. या बाजारात मात्र सीलबंद डेड स्टॉक हाच पहिल्या प्रतीचा माल. तो उघडून पाहण्याचा मोह टाळावा. सील फुटले की भाव उतरलाच.

जाड काचेचा टीव्ही

या व्यवहारात जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीला पुन्हा मागणी आली आहे. त्याचे कारण तांत्रिक आहे. जुने गेम या टीव्हीसाठीच बनले होते. डक हंटमधील बंदूक घ्या. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीत प्रकाश ओळखणारा भाग असतो. त्याला त्याच क्षणी पांढरा उजेड दिसला तर नेम लागला. पातळ टीव्ही चित्र दाखवायला किंचित उशीर करतो, म्हणून त्यावर ही मूळ बंदूक चालतच नाही. इतर गेमही पिक्चर ट्यूबवर अधिक नैसर्गिक दिसतात आणि बटण दाबल्यावर लगेच प्रतिसाद देतात.

आपल्या भागात असे टीव्ही भरपूर आहेत. शेजारच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना होता. या कंपनीने २००५ मध्ये फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला, नेमका त्याच काळात जगाने पातळ पडद्याकडे वळायला सुरुवात केली. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. मोठ्या उद्योगालाही तंत्र बदलल्याचा फटका कसा बसतो, याचा हा शेजारचाच दाखला आहे.

टीव्ही जड आणि नाजूक असल्यामुळे तो कुरियरने पाठवणे परवडत नाही. त्याचे गिऱ्हाईक टेम्पोच्या अंतरावरच शोधावे लागते. नगरहून पुणे सुमारे १२० किलोमीटर. तिथला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. चौदा ते एकवीस इंची, व्हिडिओ-ऑडिओच्या पिना असलेला, चालू स्थितीतला टीव्ही निवडावा. सरसकट सगळे टीव्ही साठवू नयेत. त्यांनी जागा अडते आणि जागेलाही भाडे असते.

इथे आरोग्याची एक गोष्ट ठासून सांगावी लागेल. तांब्याच्या कॉइलसाठी पिक्चर ट्यूब फोडू नये आणि मुलांना तर त्या कामाजवळही येऊ देऊ नये. ट्यूबच्या काचेत शिसे असते आणि ती फुटताना तुकडे जोरात उडतात. बंद केलेल्या टीव्हीतही ट्यूबवर उच्च दाबाची वीज साठून राहते. ज्याला ती उतरवता येते त्यानेच मागचे झाकण काढावे. खराब ट्यूब नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच द्यावी. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत.

कारागिराची खरी कमाई

जो माल विकतो त्याला एकदा पैसे मिळतात. जो माल चालू करतो त्याच्याकडे गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा येते. चाळीस वर्षांपूर्वीची यंत्रे आता एकामागून एक बिघडू लागली आहेत आणि ती उघडायला धजणारे हात कमी आहेत. टीव्ही मेकॅनिकला हे काम अवघड नाही. नेहमीचे बिघाड पुढीलप्रमाणे.

कॅसेट लागत नाही : बहुतेक वेळा संपर्काच्या पट्ट्या काळ्या पडलेल्या असतात. मोबाइल दुरुस्तीत वापरतात ते आयपीए कापसाच्या काडीने लावून पुसावे. थिनर वापरू नये, प्लॅस्टिक विरघळते. तोंडाने फुंकरही मारू नये. त्या वेळी सगळी मुले फुंकर मारत, पण तोंडाच्या ओलाव्याने पट्ट्या गंजतात.

यंत्र सुरूच होत नाही : नकली यंत्रांत पाच व्होल्ट देणारी ७८०५ ही साधी आयसी असते. अ‍ॅडॅप्टर, त्याची पिन आणि ही आयसी आधी तपासावी. दहा-वीस रुपयांच्या भागात यंत्र चालू होऊ शकते.

आवाज बारीक, चित्र फिके : १९९० च्या आसपासच्या काही यंत्रांत, विशेषतः सेगाच्या ‘गेम गिअर’मध्ये, कंडेन्सर पाझरतात. आतले रसायन बोर्डाच्या रेषा खाते. कंडेन्सर बदलून बोर्ड स्वच्छ करावा. हे काम उशिरा केले तर बोर्डच जातो.

खेळ साठून राहत नाही : काही कार्ट्रिजमध्ये डाग देऊन बसवलेला बटण सेल असतो, बहुधा सीआर २०३२. तो संपला की आधीची नोंद पुसली जाते. पट्ट्या जोडलेला नवा सेल बसवावा. सेलवर थेट सोल्डरिंग करू नये.

हातातल्या यंत्राचा सेलचा कप्पा गंजला : पेन्सिल सेल पाझरून हिरवट-पांढरा थर येतो. थोड्या व्हिनेगरने तो निघतो, मग आयपीएने पुसून कोरडे करावे.

पिवळे पडलेले प्लॅस्टिक : ज्वाला रोखण्यासाठी प्लॅस्टिकमध्ये मिसळलेल्या ब्रोमिनयुक्त द्रव्यामुळे आणि उन्हामुळे हा रंग येतो. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उजेडात ठेवल्यास तो बराच जातो. हातमोजे घालावेत. काही दिवसांनी पिवळेपणा परत येऊ शकतो, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे.

निंटेंडोची यंत्रे आणि कार्ट्रिज उघडायला वेगळ्या तोंडाचे स्क्रू असतात, ३.८ आणि ४.५ मिलिमीटरचे. त्यांचे पाने स्वस्त मिळतात. वितळवलेल्या पेनाने किंवा पकडीने ते उघडू नयेत. स्क्रूचे तोंड गेले की अस्सल नगावरही संशय येतो.

अस्सल आणि नक्कल

भाव चढला की नक्कल येते. काही खुणा लक्षात ठेवाव्यात. नकली यंत्र उघडले तर बोर्डावर वेगवेगळ्या आयसींऐवजी काळ्या डांबरासारखा एक गोळा दिसतो, चिप त्याखाली असते. जपानी फॅमिकॉमच्या कॅसेटला ६० पिना असतात, अमेरिकी-युरोपीय यंत्राच्या कॅसेटला ७२. गेम बॉय अ‍ॅडव्हान्सच्या अस्सल कार्ट्रिजच्या लेबलवर दाबून उठवलेला अंक असतो आणि पिनांच्या वर बोर्डावर निंटेंडोचे नाव छापलेले दिसते. प्लेस्टेशन २ ची अस्सल डीव्हीडी खालून चंदेरी असते, काही गेमच्या सीडी निळ्या असतात. घरी भरलेली डिस्क जांभळट दिसते. अस्सल डिस्कच्या आतल्या कड्यावर ‘आयएफपीआय’ ही बारीक अक्षरे सापडतात.

नक्कल माल अस्सल म्हणून विकणे ही तर सरळ फसवणूक. पण गेमच्या प्रती काढून विकणे हाही १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखाली गुन्हा आहे. त्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. ‘सगळेच करतात’ हे उत्तर पोलीस ठाण्यात चालत नाही.

हिशोब असा करावा

आता मुख्य धडा. समजा, एका कारागिराने दहा बिघडलेली यंत्रे प्रत्येकी ३०० रुपयांना घेतली. पुढचे आकडे फक्त समजण्यासाठी आहेत, रीत पाहावी.

खरेदी ३,००० रुपये. दहाही नग उघडून तपासायला पाच तास गेले. तासाची मजुरी १०० रुपये धरली तर ५०० रुपये. चार नग दुरुस्त होण्यासारखे निघाले नाहीत. उरलेल्या सहांना सुटे भाग प्रत्येकी १५० प्रमाणे ९०० रुपये, मजुरी प्रत्येकी दोन तास म्हणजे एकूण १,२०० रुपये आणि खोके, बबल प्लॅस्टिक वगैरे प्रत्येकी १०० प्रमाणे ६०० रुपये. एकूण खर्च ६,२०० रुपये. सहाने भागले तर एका नगाला सुमारे १,०३३ रुपये पडले.

वरवर पाहणारा म्हणेल, ३०० ला घेतले, १,००० ला विकले, ७०० सुटले. प्रत्यक्षात नगामागे ३३ रुपये तोटा आहे. तोच नग १,३०० ला गेला तर ७,८०० रुपये येतील, म्हणजे मजुरी सुटून वर १,६०० रुपये नफा. त्यातला एक नग परत आला तर नफ्याचा मोठा भाग गेला. म्हणून न चालणाऱ्या नगांचा, स्वतःच्या वेळेचा आणि परतीचा खर्च धरूनच भाव ठरवावा. निकामी चार नगांचे रिमोट, झाकणे, वायर जपून ठेवाव्यात. पुढच्या खेपेला तेच सुटे भाग होतात.

बाजारभाव पाहताना विक्रेत्याने मागितलेली किंमत पाहू नये, प्रत्यक्ष झालेल्या विक्रीची किंमत पाहावी. मागायला काय, कोणीही काहीही मागतो.

कराबाबत दोन मुद्दे. केवळ मालाची विक्री असेल तर राज्यात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. दुरुस्तीची मजुरी म्हणजे सेवा असेल तर ही मर्यादा २० लाख आहे. पण कर लागणारा माल परराज्यात विकायचा झाला तर, हस्तकलेच्या वस्तूंसारखे अपवाद सोडता, उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी लागते. नोंदणी असलेल्या जुन्या मालाच्या व्यापाऱ्याला, त्याने खरेदीवरची करसवलत घेतली नसेल तर, खरेदी आणि विक्री यांतील फरकावरच कर भरण्याची सोय आहे. आपल्या हिशोबनिसाला एकदा विचारून घ्यावे. आणि खरेदीची चिठ्ठी, देणाऱ्याचे नाव व तारखेसह, अवश्य ठेवावी. जुन्या मालात चोरीचा माल शिरू नये यासाठी ती ढाल आहे.

विकताना ऐब सांगून विकावे

पुण्या-मुंबईचा गिऱ्हाईक माल हातात न घेता, फोटो पाहून पैसे पाठवतो. त्याचा सगळा व्यवहार आपल्या शब्दावर असतो. उजेडात सहा बाजूंचे फोटो काढावेत. तडा, ओरखडा, बदललेला कंडेन्सर, नसलेले झाकण, सगळे लिहावे. टीव्हीवर गेम चालू असतानाचे चित्र द्यावे. ऐब सांगितला म्हणून भाव थोडा कमी येतो, पण माल परत येत नाही, आणि तोच गिऱ्हाईक आणखी दोघांना पाठवतो. या बाजारात शौकीन लोक एकमेकांना ओळखतात. एक फसवणूक सगळीकडे पोहोचते, तसेच एक प्रामाणिक नावही.

या आठवड्यात करून पाहावे

१. भंगारवाल्या बांधवांनी दुकानात एक वेगळी फळी ठेवावी. कॅसेट, टीव्ही गेम, रिमोट, मूळ डिस्क, पुस्तिका दिसली की आधी फळीवर, मग तराजूवर.

२. दुकानदारांनी आपला माळा एकदा उतरवून पाहावा. सीलबंद माल उघडू नये, फक्त यादी करावी.

३. टीव्ही कारागिरांनी एक बिघडलेले यंत्र घेऊन ते पूर्ण चालू करावे आणि त्याचा वेळ व खर्च वहीत मांडावा. एक नग नीट जमल्याशिवाय दहा घेऊ नयेत.

४. ज्या घरातून माल घेतला त्या माणसाला वस्तूची खरी किंमत माहीत नसेल, तर त्याच्या अज्ञानावर कमाई करू नये. नग चांगला निघाला तर त्याला वाजवी दाम द्यावे. असा माणूस उद्या शेजाऱ्याचा माळाही दाखवील.

हा बाजार मोठा नाही आणि त्यावर कोणी नवे दुकान उभारावे असेही नाही. पण ज्याच्या हातात सोल्डरिंगची कला आहे किंवा ज्याच्या दारात रोज जुना माल येतो, त्याला चालू धंद्याला जोडून दोन पैसे देणारा आहे. त्यासाठी भांडवल थोडे लागते, ओळख आणि सबुरी जास्त लागते. तराजूवर टाकण्याआधी वस्तू एकदा उलटून पाहण्याची सवय लागली, तरी पहिला धडा झाला.